मंदीत नेमकं काय स्वस्त मिळतं? समुद्रातल्या तेल-रिग्ज आणि त्यांच्या शेअरांची गोष्ट



"मंदी येते आणि जाते. मंदीत शेअर स्वस्त झाले की घेऊन ठेवायचे, तेजी आली की विकायचे." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. सर्वसामान्य माणसासाठी तो एक सल्ला असतो. संशोधनाच्या तयारीला लागलेल्या तुमच्यासारख्यांनी मात्र त्याच्याकडे गृहीतक म्हणून बघायला हवं. गृहीतक म्हटलं की ते कुठल्या पुराव्यावर उभं आहे, कशाने मोडू शकतं आणि त्यात कुठला शब्द संदिग्ध आहे, हे विचारणं आलं.

आज हे गृहीतक एका उद्योगाच्या इतिहासावर तपासून बघू. उद्योग आहे समुद्रात तेलविहिरी खोदण्याचा. मी एम.एस्सी. भूशास्त्रात केलं, त्यामुळे खडक आणि विहिरी आधीपासून ओळखीच्या होत्या. पीएच.डी.ला आल्यावर त्या विहिरींमागचा पैसा वाचायला लागलो. तेव्हा कळलं की हा उद्योग म्हणजे मंदीचा अभ्यास करायला जवळजवळ प्रयोगशाळाच आहे. इथे मंदी वारंवार येते, खोलवर येते आणि प्रत्येक वेळी मागे भरपूर कागदपत्रं सोडून जाते.

कोणता शेअर घ्यावा किंवा घेऊ नये, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. इतिहासातून पुरावा कसा काढायचा, हे सांगण्यासाठी आहे.

आधी धंदा समजून घेऊ

समुद्रात तेल शोधणारी कंपनी आणि विहीर खोदणारी कंपनी या बहुतेक वेळा वेगळ्या असतात. शेल, बीपी किंवा आपली ओएनजीसी यांच्यासारख्या कंपन्यांकडे तेलक्षेत्राचे हक्क असतात. खोदकामाची रिग मात्र त्या पुष्कळदा भाड्याने घेतात. रिगच्या मालक कंपनीला रोजचं भाडं मिळतं. तेलाचे भाव वाढले म्हणून चालू करारातलं भाडं आपोआप वाढत नाही, पण नवा करार करताना भावाचा जोर भाड्यावर पडतोच.

रिग्जचे प्रकारही थोडक्यात बघू. उथळ पाण्यासाठी जॅक-अप रिग असते. ती पाय समुद्रतळावर रोवून उभी राहते. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं ते 'सागर सम्राट'ने खोदलेल्या विहिरीत, आणि ती जॅक-अपच होती. खोल पाण्यासाठी अर्धवट पाण्यात बुडून तरंगणारी सेमी-सबमर्सिबल असते, आणि त्याहून खोल, तीन-तीन हजार मीटर पाण्यात काम करण्यासाठी ड्रिलशिप, म्हणजे खोदकाम करणारं जहाज.

आता आकडे बघा. २०१३ च्या आसपास अतिखोल पाण्यातल्या चांगल्या ड्रिलशिपचं रोजचं भाडं ६ लाख डॉलरपर्यंत गेलं होतं. वर्षभर काम मिळालं तर साधारण २१ कोटी ९० लाख डॉलर होतात. असं जहाज बांधायला ६० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त लागत. म्हणजे जहाज काही वर्षांतच आपली किंमत भरून काढेल, असं कागदावर दिसायचं. मग बँका आणि रोखे घेणारे कर्ज द्यायला रांगेत उभे.

गोम अशी की ऑर्डर दिल्यापासून जहाज हाती यायला दोन-तीन वर्षं लागतात. तेजीत सगळेच ऑर्डर देतात आणि ती जहाजं एकदमच पाण्यात उतरतात, पुष्कळदा तेजी ओसरल्यावर. एकदा बांधलेली रिग पंचवीस-तीस वर्षं टिकते. मागणी एका वर्षात आटते, पुरवठा आटायला मात्र रिग्ज भंगारात जाव्या लागतात. त्यामुळे इथली मंदी लांबते. ही लांबण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पहिली मंदी: १९८०चं दशक

१९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर भाव चढले. १९८०-८१ मध्ये एका पिंपाला ३५ डॉलरच्या आसपास भाव होता. मेक्सिकोच्या आखातात, उत्तर समुद्रात रिग्जची मागणी वाढली आणि जहाजबांधणीच्या गोद्या ऑर्डरींनी भरल्या. मग मागणी घटली. भाव टिकवण्यासाठी सौदी अरेबियाने काही वर्षं स्वतःचं उत्पादन कमी करत नेलं, पण १९८५ च्या अखेरीस ते धोरण सोडून उत्पादन वाढवलं. १९८६ मध्ये भाव १० डॉलरच्या आसपास आले.

जानेवारी १९८६ मध्ये ग्लोबल मरीन या मोठ्या खोदकाम कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलण्यासाठी सीआयएने १९७४ मध्ये 'ग्लोमार एक्स्प्लोरर' हे जहाज वापरलं होतं, ते चालवणारी हीच कंपनी. तेजीत तिने कर्जावर ताफा वाढवला होता आणि ते कर्ज एक अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. दिवाळखोरीतून बाहेर यायला तिला १९८९ उजाडलं.

त्याच १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या लोज कॉर्पोरेशनने डायमंड एम ही खोदकाम कंपनी विकत घेतली. लोज ही टिश कुटुंबाची कंपनी. तिच्याकडे विमा, तंबाखू आणि हॉटेलं असे धंदे होते, आणि त्यांतून रोकड येत होती. लॅरी टिश यांचे पुत्र जिम टिश यांनी याआधी १९८० च्या दशकात तेलवाहू महाकाय जहाजं भंगाराच्या जवळपासच्या किमतीत घेतली होती. तोच विचार आता रिग्जना लावला. १९९२ मध्ये त्यांनी ओडेको ही कंपनी सुमारे ३७ कोटी डॉलरना घेतली. ओडेको काही साधी कंपनी नव्हती. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येईल अशी पहिली सबमर्सिबल रिग, 'मिस्टर चार्ली', १९५४ मध्ये तिनेच कामाला लावली होती. आज ती रिग लुइझियानातल्या मॉर्गन सिटीत संग्रहालय म्हणून उभी आहे.

दोन्ही मिळून डायमंड ऑफशोअर तयार झाली. सुरुवातीची वर्षं तोट्यातच गेली. १९९५ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, १९९६-९७ मध्ये रिग्जची भाडी वर गेली आणि लोजची खरेदी गुंतवणुकीच्या जगात आदर्श उदाहरण ठरली. "मंदीत घ्या"चा दाखला म्हणून हीच गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

दुसरी मंदी: २०१४ नंतर

जून २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचा भाव ११५ डॉलरच्या आसपास होता. अमेरिकेतलं शेल तेल वाढत होतं, मागणी तेवढी वाढत नव्हती. २७ नोव्हेंबर २०१४ ला व्हिएन्नात ओपेकची बैठक झाली आणि उत्पादनात कपात न करण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट ३० डॉलरच्याही खाली गेलं.

इकडे कोरियातल्या गोद्यांमधून नव्या ड्रिलशिप्स बाहेर पडतच होत्या. ६ लाखांचं भाडं २०१७-१८ पर्यंत दीड लाखाच्या आसपास आलं. दीड लाखात जहाजाचा रोजचा चालवण्याचा खर्च जेमतेम निघतो. व्याज आणि मुद्दल कुठून देणार?

शेअर कोसळले. लोक मात्र ते विकत घेत राहिले, आणि त्यांचे युक्तिवाद मूर्खपणाचे नव्हते. ते म्हणत, जगाला तेल लागणारच आहे. नव्या विहिरी खोदल्या नाहीत तर पुरवठा घटेल, भाव चढतील, रिग्ज पुन्हा लागतील. कंपन्यांचं पुस्तकी मूल्य पाहा, शेअर त्याच्या एका अंशाला मिळतोय. आणि १९८९ चं उदाहरण समोर आहेच.

यातला उद्योगाबद्दलचा अंदाज चुकला नाही. २०२३ पर्यंत चांगल्या ड्रिलशिपचं भाडं पुन्हा ४ लाख डॉलरच्या वर गेलं. उद्योग सावरला. मग भागधारकांचं काय झालं?

सीड्रिल बघा. नॉर्वेत जन्मलेले जहाज-उद्योजक जॉन फ्रेडरिक्सन यांची ही कंपनी. दर तिमाहीला एका शेअरमागे एक डॉलर लाभांश देत होती. ओपेकच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, २६ नोव्हेंबर २०१४ ला, तिने लाभांश थांबवला. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१८ मध्ये ती बाहेर आली, तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती नव्या कंपनीचा सुमारे २ टक्के हिस्सा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने पुन्हा अर्ज केला. २०२२ मध्ये दुसऱ्यांदा बाहेर आली, तेव्हा त्या वेळच्या भागधारकांना पाव टक्का मिळाला.

नोबल कॉर्पोरेशनने जुलै २०२० मध्ये अर्ज केला. एन्स्को आणि रोवन एकत्र येऊन झालेल्या व्हॅलारिसने ऑगस्ट २०२० मध्ये. दोन्हीकडे जुने शेअर रद्द झाले आणि भागधारकांना वॉरंट मिळाले, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क, तोही मर्यादित मुदतीचा.

आणि डायमंड ऑफशोअर? तीच, लोजची. तेजीच्या वर्षांत तिने भागधारकांना भरघोस विशेष लाभांश वाटले, आणि ह्युंदाईच्या गोदीत चार नव्या ड्रिलशिप्स बांधायला दिल्या. त्या २०१४-१५ मध्ये हाती आल्या, म्हणजे नेमक्या भाव पडताना. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने व्याजाचा हप्ता चुकवला आणि २६ एप्रिलला दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज दोन अब्ज डॉलरहून जास्त होतं. त्या वेळी अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा लोजकडेच होता, तोही गेला.

फरक कुठे पडला?

एकच उद्योग, एकच कुटुंब, दोन्ही वेळा मंदी. १९८९ मध्ये यश, २०२० मध्ये दिवाळखोरी. इथे घाईने "काळ वेगळा होता" असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आधी तुलनेसाठी नमुना शोधावा. तो आपल्याकडे आहे: ग्लोबल मरीन. काळ तोच, १९८०चं दशक. उद्योग तोच. तरीही तिथे दिवाळखोरी. म्हणजे नुसत्या काळाने निकाल ठरत नाही.

मग दोघांत वेगळं काय होतं? लोजने रिग्ज घेतल्या तेव्हा तिचं जगणं त्या रिग्जच्या भाड्यावर अवलंबून नव्हतं. विमा आणि तंबाखूचा पैसा येत होता. सहा-सात वर्षं वाट बघणं तिला परवडत होतं. ग्लोबल मरीनचं कर्ज वाट बघायला तयार नव्हतं. २०१५ मध्ये सीड्रिलचा किंवा व्हॅलारिसच्या पूर्वसुरींचा शेअर घेणारा माणूस स्वतःला लोजच्या जागी समजत होता. प्रत्यक्षात तो उभा होता ग्लोबल मरीनच्या भागधारकाच्या जागी.

एक काल्पनिक हिशोब करून बघू. एका कंपनीकडे ६० कोटी डॉलरचं एकच जहाज आहे, त्यावर ४० कोटी कर्ज आहे. भागधारकांचे २० कोटी. मंदीत जहाजाची बाजारातली किंमत ३० कोटीवर आली. आता कर्जच जहाजापेक्षा मोठं. भागधारकांच्या वाट्याला हिशोबाने शून्य. तरी शेअर बाजारात काही पैशांना विकला जातो, कारण जहाजाची किंमत परत ६० कोटी होईल अशी आशा असते. समजा ती होणारच आहे, पण सात वर्षांनी. कर्ज मात्र चौथ्या वर्षी फेडायचं आहे. चौथ्या वर्षी कंपनी न्यायालयात जाते. अमेरिकेत याला चॅप्टर ११ म्हणतात. कंपनी चालू राहते, पण हक्कांची उतरंड लागू होते. आधी तारण घेतलेले सावकार, मग विनातारण रोखेधारक, सगळ्यात शेवटी भागधारक. कर्जाच्या बदल्यात रोखेधारकांना नवे शेअर मिळतात. सातव्या वर्षी जहाज ६० कोटीचं होतं, पण मालक बदललेला असतो.

इथे दोन घड्याळं चालू आहेत. एक उद्योगाचं, दुसरं कर्जाचं. या उद्योगात पहिलं घड्याळ संथ चालतं, कारण रिग्ज लवकर मरत नाहीत. मंदीत शेअर घेणाऱ्याने पहिल्या घड्याळावर पैज लावलेली असते, निकाल मात्र दुसरं देतं.

आता मूळ वाक्यातला संदिग्ध शब्द सापडला का? "स्वस्त." काय स्वस्त? रिग, कंपनी, रोखा की शेअर? संशोधनाच्या भाषेत याला विश्लेषणाचं एकक म्हणतात. रिग स्वस्त मिळणं आणि रिगवरचा सगळ्यात शेवटचा हक्क स्वस्त मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातला सगळ्यात बोलका पुरावा ओशन रिग या कंपनीचा आहे. २०१६ मध्ये तिने 'सेराडो' ही ड्रिलशिप लिलावात साडेसहा कोटी डॉलरना घेतली. जहाज २०११ चं, म्हणजे जेमतेम पाच वर्षं जुनं. रिग खरोखरच भंगाराच्या भावाकडे झुकली होती. पण घेणाऱ्या कंपनीच्या डोक्यावर अब्जावधींचं जुनं कर्ज होतं. पुढच्याच वर्षी तिची कर्ज-पुनर्रचना झाली, कंपनी सावकारांच्या हातात गेली आणि जुन्या भागधारकांकडे नावापुरतंही उरलं नाही. २०१८ मध्ये ट्रान्सओशनने ती कंपनी सुमारे २ अब्ज ७० कोटी डॉलरच्या सौद्यात घेतली. सौदा चांगला होता, पण त्याचा फायदा झाला तो पुनर्रचनेनंतर मालक झालेल्यांना.

आलेखातून गायब झालेली माणसं

आता तुमच्या कामाचा भाग. आज तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर नोबल किंवा व्हॅलारिसच्या शेअरचा आलेख उघडलात तर तो बहुधा २०२१ पासून सुरू होतो. २०२१ ते २०२३ मध्ये हे शेअर दुपटीहून वर गेले. आलेख बघून वाटतं, मंदीच्या तळाशी घेणारे मालामाल झाले. पण तो नवा शेअर आहे, दिवाळखोरीनंतर जन्मलेला. त्याचे पहिले मालक म्हणजे जुने रोखेधारक. २०१५, २०१७ किंवा २०१९ मध्ये जुना शेअर घेतलेल्यांची रेघ त्या आलेखात नाहीच.

याला जिवंत राहिलेल्यांकडे झुकलेला नमुना म्हणतात. पुस्तकात हे वाचलेलं असतं, पण आपल्याच एक्सेल फाइलमध्ये ते ओळखू येत नाही, कारण गहाळ माहिती रकान्यात रिकामी जागा सोडत नाही. ती ओळच नसते. हर्क्युलीस ऑफशोअर २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली, बाहेर आली, २०१६ मध्ये पुन्हा गेली आणि कायमची बंद झाली. नोबलमधून २०१४ मध्ये वेगळी काढलेली पॅरागॉन ऑफशोअर २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. "आज बाजारात असलेल्या सर्व खोदकाम कंपन्या" अशी यादी घेऊन अभ्यास सुरू केलात तर या दोघी तुमच्या नमुन्यात येणारच नाहीत.

उपाय साधा आहे, पण कष्टाचा. यादी आजची घेऊ नका, मंदी सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची घ्या. जून २०१४ मध्ये कोण कोण बाजारात होतं ते लिहून काढा आणि प्रत्येकाचा पुढचा प्रवास शेवटपर्यंत नेऊन पोहोचवा. वैद्यकातले संशोधक रुग्णांचा गट ठरवून वर्षानुवर्षं पाठपुरावा करतात, तसंच.

गृहीतकाला छेद देणारी उदाहरणं

आता तुम्ही म्हणाल, मग निष्कर्ष सोपा आहे, मंदीत अशा कंपन्यांचे शेअर घेऊच नयेत. थांबा. आपल्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरण शोधलं नाही तर आपणही "मंदीत घ्या" म्हणणाऱ्यांसारखेच.

ते उदाहरण आहे ट्रान्सओशन. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात स्फोट होऊन ११ माणसं गेली, ती 'डीपवॉटर होरायझन' रिग याच कंपनीची होती. एवढं होऊनही २०१४ नंतरच्या मंदीत ही कंपनी दिवाळखोरीत गेली नाही. रोख्यांची अदलाबदल केली, मुदती पुढे ढकलल्या, सोंगा ऑफशोअर आणि ओशन रिग घेतल्या. २०२० च्या शरदात तिचा शेअर एका डॉलरच्या खाली गेला होता. तेव्हा घेतलेला शेअर २०२३ मध्ये कित्येक पटींनी वाढला.

म्हणजे गृहीतक खरं ठरलं? २०२० च्या तळाशी घेणाऱ्यासाठी हो. पण २०१४ च्या मध्यात हाच शेअर ४० डॉलरच्या वर होता, आणि भाडी सावरल्यावरही २०२३ मध्ये तो ८ डॉलरच्या आसपासच होता. मधल्या काळात कंपनीने नवे शेअर काढत काढत त्यांची संख्या दुपटीहून वर नेली, म्हणजे प्रत्येकाचा वाटा निम्म्याहून कमी झाला. २०१५ मध्ये "तळाला घेतलं" म्हणणाऱ्याला कंपनी जगूनही नुकसानच झालं. आणि २०२० मध्ये बाकीच्या मोठ्या कंपन्या एकामागून एक कोसळत असताना हीच वाचेल, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं? तळ कुठे होता हे आलेखावर मागाहून दिसतं. इतिहास लिहिताना त्या दिवशी माणसाला काय माहीत होतं आणि आपल्याला आज काय माहीत आहे, यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

आपल्याकडचं एक उदाहरण

हे सगळं ह्यूस्टन आणि ओस्लोपुरतं नाही. चेन्नईच्या अबान ऑफशोअरने तेजीच्या भरात, २००६ च्या सुमारास, सिंगापूरच्या उपकंपनीमार्फत नॉर्वेची सिनव्हेस्ट ही कंपनी ताब्यात घेतली, तीही मोठं कर्ज काढून. २००८ च्या सुरुवातीला अबानचा एक शेअर काही हजार रुपयांना होता. मे २०१० मध्ये तिची 'अबान पर्ल' ही रिग व्हेनेझुएलाजवळ बुडाली. सुदैवाने माणसं वाचली. २०१४ नंतर भाडी पडली, कर्जाचे हप्ते थकले, रिग्ज विकाव्या लागल्या आणि शेअर दोन आकड्यांत आला. इथे अमेरिकेसारखे जुने शेअर रद्द झाले नाहीत. भागधारकाकडे शेअर राहिला, मात्र त्यामागची मत्ता सावकारांकडे वाहत गेली. कायदा बदलला की वाट बदलते, पण उतरंडीतला शेवटचा माणूस तोच.

तुमच्या प्रस्तावासाठी

या विषयावर किंवा अशा पद्धतीने दुसऱ्या उद्योगावर काम करायचं असेल, तर तीन प्रकारची साधनं एकमेकांशेजारी ठेवून वाचा.

पहिलं, ताफ्याचा अहवाल. खोदकाम कंपन्या ठराविक काळाने आपल्या प्रत्येक रिगची स्थिती जाहीर करतात: कुठे आहे, कुणाकडे भाड्याने आहे, करार कधी संपतो, आणि पुष्कळदा भाडं किती तेही. उद्योगाचं घड्याळ इथे दिसतं.

दुसरं, वार्षिक अहवाल. त्यातली अध्यक्षांची प्रस्तावना नंतर वाचा, आधी कर्ज कोणत्या वर्षी किती फेडायचं त्याचा तक्ता शोधा. हे दुसरं घड्याळ. पुस्तकी मूल्य बघताना हे लक्षात असू द्या की तो आकडा जहाज बांधताना किती खर्च झाला याची आठवण सांगतो. आज ते कितीला विकलं जाईल, हे 'सेराडो'सारखा लिलाव सांगतो.

तिसरं, न्यायालयातली कागदपत्रं. पुनर्रचनेच्या आराखड्यात कुणाला काय मिळालं, हे वर्गवारीने लिहिलेलं असतं. वर्तमानपत्रात "कंपनी वाचली" असा मथळा येतो. कोण वाचलं ते आराखड्यात असतं.

सरावासाठी आपल्याकडचं एक प्रकरण घ्या: मुंबईची डीएचएफएल. २०२१ मध्ये दिवाळखोरी संहितेखाली पिरामल समूहाने ती घेतली. गृहकर्जाचा व्यवसाय पुढे चालू राहिला, पण जुन्या भागधारकांच्या शेअरचं मूल्य शून्य धरून ते रद्द झाले. त्याआधीच्या महिन्यांत "मोठा समूह येतोय, आता कंपनी सावरेल" म्हणून शेअर घेणारे अनेक होते. कंपनी सावरेल हा त्यांचा अंदाज किती बरोबर होता, आणि तरीही त्यांच्या हाती काय आलं, हे दोन वेगळ्या रकान्यांत मांडून बघा. पहिल्या रकान्यात उद्योग आणि कंपनी, दुसऱ्यात हक्क आणि मुदती. तारखा टाकायला विसरू नका. कुठल्या तारखेला कुणाला काय माहीत होतं, इथूनच तुमचा संशोधन-प्रश्न सुरू होईल.